एका नावाचं शिंग

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले. ट्रंक, वळकटी, हत्यारांची पिशवी आणि मी, असे चार नग बनशंकरीत रिक्षातून उतरले. चारांतला खिळखिळा नग कुठला, ते रिक्षावाल्यानं बरोबर ओळखलं आणि हात धरून आधी मलाच उतरवलं.

हा फोन माझ्या नातवानं, अभिमन्यूनं, गळ्यात बांधून दिलाय. हिरवी टिकली दाबायची आणि बोलायचं, की तो लिहून घेतो, वर तारीखसुद्धा घालतो. मला अक्षर येत नाही, तेव्हा तो काय लिहितो ते त्याचं त्याला ठाऊक. अभिमन्यू म्हणाला, आज्जी, रोज काय केलंस ते सांगत जा, त्र्याहत्तराव्या वर्षी नवी नोकरी लागलेली बाई अख्ख्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नाही. मी म्हटलं, जुनी टिकलेला माणूस तरी आहे का तिथं. मी सांगेपर्यंत वाचणार नाही असं कबूल केलंय त्यानं. वाचलंस तर कान पिळीन रे बाबा, सव्वीस वर्षांचा झालास तरी.

घर छान आहे. मालकाचं नाव यशोवर्धन. साठीचा, केस पांढरे, मिशी काळीभोर. मिशीला कुणी वय सांगितलेलं दिसत नाही. चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेल्या मराठी घराण्यातला आहे, हे त्यानं मी चप्पल काढायच्या आत सांगितलं. खालच्या दालनात तलवारी, ढाली आणि ठासणीच्या बंदुका टांगल्यात. बंदुका आहेत, पण बारुदाचं शिंग नाही. शिपाई कमरेला लावायचे ते, बंदुकीची दारू कोरडी ठेवायला. ते जुन्या पद्धतीनं, हातानं, त्याच्या डोळ्यांसमोर करून हवंय. तेवीस तारखेला पाहुणे येणार, त्याआधी. आता शिंगकाम येणारं कोण उरलंय? होसकोटेच्या बाजारात चौकशी करत करत त्याचा निरोप माझ्यापर्यंत आला.

मागच्या अंगणात शेवग्याखाली मला खोली दिलीय. नळ दाराशी, ऊन दिवसभर. स्वैपाकाला यल्लव्वा आहे, निपाणीकडची. तिनं आल्या आल्या कॉफी दिली आणि माझी पिशवी उघडून कानशी बघितल्या. म्हणाली, अक्का, चोरी करायला आलात की काय. मी म्हटलं, बघू, आधी जेवण कसं आहे ते बघू.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिंग उकळलं. घरून आणलंय मी ते, आमच्याच दारात म्हातारपणानं गेलेल्या बैलाचं. कापलेल्या जनावराचं शिंग आमच्या घरात घेत नाहीत. मोठ्या पातेल्यात दुपारपर्यंत रटरटत ठेवलं. केस जळाल्यासारखा वास सुटतो त्याचा. यल्लव्वा नाकाला पदर लावून म्हणाली, असली आमटी आमच्याकडे नाही होत. मग फडक्यात धरून दगडावर एक ठोका दिला, आतला हाडाचा गाभा सळकन सुटून आला. हा ठोका जमला की समजायचं हात अजून शाबूत आहे.

यशोवर्धन फोन धरून चित्र घेत होता. अक्का, स्वल्प इकडे बघा, अक्का, स्वल्प हसा. कुणाकडून शिकलात, असं विचारलं. घरच्यांकडून, म्हटलं. त्यांचं नाव काय, म्हणाला. मी पदर पुढे ओढला आणि सांगितलं, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तो इतका खूश झाला की तेच परत म्हणायला लावलं, पदरासकट.

खोटं नव्हतं ते. बावन्न वर्षं संसार केला, एकदाही घेतलं नाही. आधी अहो म्हणत होते, नातू झाल्यापासून अभिमन्यूचे आजोबा.

पण त्याला नाव न सांगायचं दुसरंही कारण होतं. ते नंतर.

८ फेब्रुवारी, शनिवार

काचेच्या तुकड्यानं खरवडते आहे. बाहेरचा काळा खरबरीत थर निघाला, आतून मधासारखा रंग आला. बोटं दुखतात, पण हातात काम असलं की जीभ सैल होते, म्हणून आज खरं सांगते.

हा यशोवर्धन मला नवा नाही. सात वर्षांपूर्वी याची जीप आमच्या गल्लीत यायची. याचा माणूस उतरायचा आणि अभिमन्यूच्या आजोबांनी केलेली शिंगं घेऊन जायचा. आम्हाला वाटायचं नाटकवाले नेतात, पालखीवाले नेतात. हा ती शेणात पुरून, चिंचेच्या पाण्यात काळी करून चारशे वर्षांची म्हणून विकत होता. एका गिऱ्हाईकाला संशय आला. पोलीस याच्याकडे गेले. हा म्हणाला, मला काय ठाऊक, एका म्हाताऱ्यानं फसवलं मला. आणि नाव सांगितलं, गल्ली सांगितली.

दोन दिवस त्यांना स्टेशनात फरशीवर बसवून ठेवलं. मारलं नाही कुणी. पण सगळी गल्ली दारात उभी असताना हाताला धरून नेलं होतं. सुटून आले आणि कानशींना तेल लावलं, फडक्यात गुंडाळल्या, माळ्यावर टाकल्या. त्या दिवसापासून जेवण सुटलं. एकोणिसाव्या दिवशी गेले.

मी स्टेशनच्या पायरीवर बसले होते तेव्हा हा आतून बाहेर आला. पायरीवरच्या म्हातारीला वळसा घालून गाडीत बसला. त्यानं मला पाहिलं नाही. मला त्याची चाल पाठ आहे.

अभिमन्यू तेव्हा शिकायला हॉस्टेलवर होता. आजोबा आजारानं गेले, एवढंच सांगितलं त्याला. पोर रागीट आहे, नसती भांडणं करायचा. भांडण माझं आहे, मीच करीन. सावकाश करीन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टोकाला तापल्या सळईनं भोक पाडलं. रुंद तोंड गरम तेलात मऊ करून लाकडी खुंट्यावर चढवलं आणि गार होईतो दाबून धरलं, आता वाटीसारखं गोल आहे. उन्हात धरलं की आत घातलेलं बोट दिसतं, इतकं पातळ केलंय. दारू किती उरली ते न उघडता कळावं म्हणून.

आता राहिलं बूच. फणसाचं लाकूड, बांबूच्या खिट्या, वरून मेण. आणि त्याआधी एक गोष्ट, जी यशोवर्धनच्या फोनमध्ये येणार नाही.

बूच ठोकण्याआधी करणाऱ्यानं शिंगाला तोंड लावून आत एक नाव घ्यायचं असतं. शिपायाच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं, बापाचं, भावाचं. तो मग आत येऊन बसतो, दारूला ओल लागू देत नाही, ठिणगी जवळ येऊ देत नाही. सासूनं मला हे शिकवलं तेव्हा हातात काठी घेऊन शिकवलं. शिंगात एकच नाव मावतं. जिवंताचं नाव चुकूनही जाऊ द्यायचं नाही. गेलं तर शिंग त्याचा श्वास ओढतं, थोडा थोडा, संपेपर्यंत. आणि करणाऱ्याचं तोंड एकदाच चालतं. दुसरं नाव घालून पहिलं सोडवायचं झालं तर ते ज्याची वस्तू त्यानंच घालायचं.

याचंच नाव घालावं असं मनात आलं होतं. खूप वेळा आलं. पण मेला की सुटला. मला याला सुटू द्यायचं नाही. अभिमन्यूच्या आजोबांना आत बसवते. ज्याला फरशीवर बसवलं तो आता याच्या कमरेशी बसेल, याच्या घरात, रोज. मग बघू, साहेबांना झोप कशी लागते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झालं.

दुपारी यशोवर्धन बाहेर गेला तेव्हा अंघोळ केली, ओल्या केसांनी बसले. शिंग मांडीवर घेतलं, रुंद तोंडाला ओठ टेकवले. आत बोलले, अभिमन्यूच्या आजोबांनो, या, बसा. लगेच बूच दाबलं, खिट्या मारल्या, मेण ओतलं.

मेण थिजताना शिंग गरम झालं. मेणाची ऊब नव्हती ती. आत कुणी उसासा टाकावा तशी. मी म्हटलं, आले.

रडू आलं, मग हसू आलं. यल्लव्वानं विचारलं, अक्का, काय झालं. धूर गेला डोळ्यांत, म्हटलं. चूल बंद होती. तिला शेंगदाण्याची चटणी करायला सांगितली, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यशोवर्धन शिंग कमरेला लावून आरशासमोर उभा होता. मिशीवर हात फिरवत. मी त्याचा चेहरा न्याहाळला. काही नाही. रात्री गाढ झोपतो म्हणे, यल्लव्वा सांगते, माडीवरून घोरणं खाली ऐकू येतं. दोन दिवसच झालेत. तसेही अभिमन्यूचे आजोबा कुठं घाईनं पोचायचे नाहीत, वरातीतसुद्धा मागे राहिले होते.

अभिमन्यूचा फोन आला. आवाज बसलाय त्याचा. म्हणाला, ऑफिसातला एसी. सुंठ घाल चहात, म्हटलं. म्हणाला, शनिवार दुपारपासूनच असं होतंय, बोलायला गेलं की वारा कमी पडतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

यशोवर्धन सकाळी म्हैसूरला गेला, शनिवारी येईल. जाताना शिंग दालनातल्या काचेच्या कपाटात ठेवलं, किल्ली खिशात घातली.

दहा वाजता तिथून जात होते. ऊन आत आलं होतं. शिंग उन्हात मधासारखं दिसत होतं आणि आत काहीतरी हललं. सावलीसारखं. वर चढलं, खाली उतरलं. छाती हलते तसं.

मी काचेला कान लावला. म्हटलं, बोला, ऐकते.

आतून आवाज आला. बारीक, लांबून, विहिरीतून आल्यासारखा. आज्जी, म्हणाला.

यांनी मला कशाला आज्जी म्हणावं.

१९ फेब्रुवारी, बुधवार, परत

अभिमन्यूला फोन केला. उचलला. बोलला, पण मला शब्द पोचले नाहीत, नुसती फुंकर. मग त्याच्या खोलीतल्या मित्रानं फोन घेतला. आज्जी, त्याला दवाखान्यात नेतोय, म्हणाला.

काय आत घातलं मी. काय बोलले होते. फोना, तुझ्यात आहे ते, तू लिहून घेतलंयस.

यल्लव्वाला वाचता येतं, कानडी. हे मराठी आहे, पण ती निपाणीची, जुळवत जुळवत वाचते. शनिवारचं वाच म्हटलं. तिनं वाचलं. अभिमन्यूच्या आजोबांनो, या, बसा.

परत वाच म्हटलं.

नावच घेतलं नाही मी त्यांचं. आठ दिवस घोकलं होतं मनात. ओठ टेकवले आणि जीभ सव्वीस वर्षं ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं गेली. त्या हाकेत नाव एकच आहे. ते माझ्या नातवाचं आहे.

माझ्या तोंडानं. माझ्याच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात जाऊन आले. फोटो काढले, नळ्या घातल्या. डॉक्टरीण म्हणाली, छाती स्वच्छ आहे, मग श्वास जातो कुठं तेच कळत नाही. मला ठाऊक आहे कुठं जातो. बनशंकरीत, काचेच्या कपाटात.

माझा मुलगा, सून होसकोट्याहून आलीत. सून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

अभिमन्यूनं डोळ्यांनी विचारलं, फोनमध्ये सांगतेस ना रोज. मान हलवली मी.

परत येताना रिक्षात नाव घेतलं. मल्हारराव. मल्हारराव. मल्हारराव. किती सोपं आहे. रिक्षावाल्यानं वळून बघितलं. आता घेतलं, आता काय उपयोग—

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कपाट फोडायला दगड घेतला होता. ठेवला. शिंग फुटलं तर आतला श्वासही फुटेल. अर्ध्याहून जास्त अभिमन्यू आत आहे आता.

दिवसा बोलतो. आज्जी, अंधार आहे. आज्जी, जळक्या केसांचा वास येतो. यल्लव्वानंही ऐकलं, तेव्हापासून ती दालनात येत नाही, देवीचा अंगारा उंबऱ्यावर टाकून गेली.

दुसरं नाव गेलं की पहिलं सुटेल. माझं तोंड चालणार नाही. ज्याची वस्तू त्यानंच.

मग त्यानंच घालू दे. स्वतःचं. कमरेशी बसवायचा विचार करत होते, फार दया केली मी. सात वर्षांत एवढी दया कुठून आली माझ्यात. जाऊ दे श्वास त्याचा. घोटाघोटानं जाऊ दे—

२२ फेब्रुवारी, शनिवार

आला. मी दारातच उभी होते. सांगितलं, साहेब, एक रीत राहिलीय. मालकानं चार माणसांत शिंगात स्वतःचं नाव घ्यायचं असतं, मगच ते खरं शिंग. आधी नाही का सांगायचं अक्का, म्हणाला, डोळे चमकले. उद्या सगळ्यांसमोर करू, म्हणाला. आज करा, म्हटलं. उद्याच, म्हणाला, उद्या कॅमेरावाला आहे.

कपाट उघडून दिलं. मेण ऊन करून सैल केलं, खिट्या काढल्या, बूच नुसतं टेकवून ठेवलं. शिंग हातात धडधडत होतं, धरलेल्या चिमणीसारखं. सूनबाईचा निरोप आला, श्वासाचं यंत्र लावलंय.

एक दिवस. धर रे बाळा. एक दिवस—

२३ फेब्रुवारी, रविवार

चार वाजलेत. दालन भरलंय. मी भिंतीशी खुर्चीत. हळू बोलते. कुणी बघत नाही, म्हातारी पुटपुटतेय म्हणतील.

बोलतोय तो. किती बोलतो मेला. घराणं झालं, फौज झाली—

शिंग हातात घेतलं. बूच काढलं. मला ऐकू येतंय, आज्जी म्हणतोय, कुणालाच कसं ऐकू येत नाही—

तोंडाजवळ नेलं. घे. तुझं नाव घे—

थांबला. माझ्याकडे बघतोय. लोकांना सांगतोय, रीत मालकाच्या नावाची आहे, पण हे काम ज्या हातांचं त्यांचा मान मोठा, म्हणून मी माझं नाव न घेता—

नको. अहो साहेब, नको, तुमचं—

भागुबाई, म्हणाला. माझं नाव. आत. मोठ्यानं. बूच लावलं.

टाळ्या वाजवतायत.

माझ्याकडे बघून हसतोय.

यल्लव्वा पळत आली. दवाखान्यातून फोन आहे. उठून बसला म्हणे. नळी ओढून काढली त्यानं. भूक लागलीय म्हणाला, मोठ्या आवाजात. सून रडतेय, हसतेय. द्या त्याला. काय मागेल ते द्या—

बसते मी जरा. छातीत काही— वारा नाही. म्हाताऱ्या माणसाचा श्वास तो किती असणार, चार घोट. केसांचा वास येतोय. मधासारखं सगळं, पिवळं. काचेतून बघावं तसं—

कमरेला लावतोय. लाव. घट्ट बांध.

अभिमन्यूचे— मल्हारराव आत बसले असते ना यशोवर्धना, तर गप्प राहिले असते. जन्मभर तेच केलं त्यांनी. तू मला घेतलंस कमरेला. मी कुठली गप्प बस—